पहिली कृति आणि उसना देह

('एन्टर द ग्रेव्ह' : ईव्हाइल, हडर्सफील्ड. प्रकाशक : इअरेक, नॉटिंगहॅम. ऑगस्ट २००७. गीतें १०.)

एखाद्या तरुण कलावंताची पहिली कृति हातीं आली म्हणजे टीकाकाराच्या मनांत सर्वांत आधीं जो प्रश्न उभा राहतो तो असा कीं, यांत याचें स्वतःचें असें काय आहे? प्रश्न रास्त आहे. परंतु तो ज्या घाईनें विचारला जातो त्या घाईंत त्याचें उत्तर बहुधा आधींच ठरलेलें असतें. कोणा थोराची छाया दिसली कीं 'अनुकरण' हा शिक्का मारून आपण मोकळे होतों. हा शिक्का आम्ही अध्यापनाच्या निमित्तानें जवळजवळ तीस वर्षें मारीत आलों आहों, आणि त्यांतला एक चुकीच्या जागीं पडला अशी रुखरुख आम्हांस आहे. ती रुखरुख जिच्यामुळें लागली त्या ध्वनिमुद्रिकेचें परीक्षण येथें योजिलें आहे. परीक्षणास फार उशीर झाला आहे हें आम्ही जाणतों. परंतु ज्या कृतीवर आम्हीं एकदां दोन गीतें ऐकून निकाल दिला, तिचें प्रकरण पुन्हां उघडणें हें आमच्याकडे लागतें.

२००८ सालची गोष्ट. आमच्या बी. ए. च्या वर्गांतील सांगलीकडच्या एका विद्यार्थ्यानें आपल्या कवितांची वही आम्हांस वाचावयास दिली. कवितांवर मर्ढेकरांची सावली फार दाट होती. शब्द त्यांचे, तुटक ओळी त्यांच्या, उपरोधही त्यांचाच. आम्हीं शेवटच्या पानावर तांबड्या शाईनें लिहिलें कीं, यांतली एकही ओळ तुझी नाहीं. वही घेऊन तो मुकाट्यानें गेला. कांहीं दिवसांनीं तोच एक तबकडी घेऊन आला. आपल्या वयाच्या मुलांना कशाचें वेड आहे तें सरांनीं ऐकावें, एवढीच त्याची इच्छा. दोन गीतें ऐकून आम्ही म्हणालों, 'अरे, हें सगळें आमच्या वसतिगृहांत वीस वर्षांपूर्वीं वाजून गेलें आहे.' त्यावर तो म्हणाला, 'सर, मग पहिल्या वहींत माणसानें करायचें तरी काय?' या प्रश्नास आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. आम्हीं घड्याळाकडे पाहिलें आणि तासास निघून गेलों. तबकडी आमच्याकडेच राहिली. वही मात्र पुन्हां आली नाहीं.

ज्या वाचकांस या संगीताचा परिचय नाहीं त्यांच्यासाठीं थोडें विवेचन अवश्य आहे. 'थ्रॅश' या इंग्रजी शब्दाचा अर्थ झोडपणें, बडविणें. थ्रॅश मेटल हा संगीतप्रकार १९८० नंतरच्या चार-पांच वर्षांत अमेरिकेंत, विशेषतः सॅन फ्रॅन्सिस्कोच्या उपसागराभोंवतीं, वाढीस लागला. त्याचें बी मात्र पुष्कळसें इंग्लंडांतलें. मोटरहेड, व्हेनम, डायमंड हेड या इंग्रज मंडळींचीं गाणीं ऐकून अमेरिकेंतील पोरांनीं त्यांची गति वाढविली आणि त्यांची धार पाजळली. मेटॅलिका या मंडळीची पहिली ध्वनिमुद्रिका 'किल 'एम ऑल' १९८३ सालीं निघाली. १९८६ हें या संगीताचें सुगीचें वर्ष. मेटॅलिकाची 'मास्टर ऑफ पपेट्स', मेगाडेथची 'पीस सेल्स' आणि अर्ध्या तासाच्या आंत आटोपणारी स्लेयरची 'रेन इन ब्लड' या तिन्ही त्या एका वर्षांतल्या. आमच्या वसतिगृहांत या ध्वनिमुद्रिका कॅसेटीवरून कॅसेटीवर उतरत उतरत येत, आणि आमच्यापर्यंत पोंचेतों संगीतापेक्षां खरखरच अधिक झालेली असे. तरी आम्ही त्या प्राणपणानें ऐकत असूं.

या संगीताचा जीव गळ्यांत नसतो. तो उजव्या हातांत असतो. गिटारच्या तारा जेथें संपतात तेथें तळहाताची कड त्यांवर हलकीच टेकवावयाची आणि नखीनें जाड तार खालच्या दिशेनें एकसारखी छेडीत राहावयाचें. त्यामुळें स्वर मोकळा गुंजत नाहीं. दबून, ठोक्यासारखा उमटतो. या दबलेल्या ठोक्यांच्या रांगेंतून मध्येंच मोकळे स्वर उसळतात, आणि या दोहोंच्या गुंफणींतून जो लहानसा, पुन्हां पुन्हां येणारा स्वरबंध तयार होतो त्यास 'रिफ' म्हणतात. आपल्या बंदिशीच्या मुखड्याशीं त्याचें थोडेसें नातें लावतां येईल. फरक हा कीं, मुखडा विस्तारासाठीं सोडून जावयाचा व समेवर येतांना पुन्हां धरावयाचा असतो. रिफ मात्र विटेप्रमाणें एकावर एक रचली जाते आणि तिचीच इमारत होते. तिच्याखालीं दोन्हीं पायांनीं वाजविलेल्या मोठ्या ड्रमची घरघर चालूं असते. मिनिटास दोनशेंच्या आसपास ठोके पडत असतां चार माणसांनीं एका क्षणीं थांबणें आणि एका क्षणीं सुटणें हें कसब येरागबाळ्याचें नव्हे. बाहेरून ऐकणाऱ्यास जो गोंगाट वाटतो तो आंतून पाहिल्यास मोठ्या शिस्तीचा व्यवहार आहे.

१९९१ च्या सुमारास ही लाट ओसरली. खुद्द मेटॅलिकानें त्या वर्षीं आपली गति आंवरली, आणि तरुणांची रुचि दुसरीकडे वळली. पुढें दहा-बारा वर्षें हें संगीत बहुतांशीं जुन्या शौकिनांच्या फळीवर पडून होतें. नंतर २००० ते २०१० या दशकाच्या मध्यावर तें एकाएकीं पुन्हां उठलें. व्हर्जिनियांतील म्युनिसिपल वेस्ट, आयर्लंडांतील गामा बॉम्ब, कॅलिफोर्नियांतील वॉरब्रिंगर अशा मंडळ्या जागोजाग निघाल्या. यांतलीं बहुतेक मुलें मूळ ध्वनिमुद्रिका निघाल्या तेव्हां पाळण्यांत किंवा पाटीवर होतीं. भक्ति इतकी कीं, एका मंडळीनें आपलें नांवच 'बॉन्डेड बाय ब्लड' असें ठेविलें. तें एक्सोडसच्या १९८५ च्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेचें नांव होय.

ईव्हाइल ही मंडळी याच लाटेंतली. मॅट ड्रेक गायन व गिटार, त्याचा भाऊ ऑल ड्रेक गिटार, माइक अलेक्झांडर बेस गिटार आणि बेन कार्टर ड्रम, अशी ही चौकडी यॉर्कशायर परगण्यांतील हडर्सफील्ड या गांवची. प्रारंभीं हे मेटॅलिकाचींच गाणीं वाजवीत, आणि स्वतःस 'मेटल मिलिशिया' म्हणवीत. तेंही मेटॅलिकाच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेंतील शेवटच्या गीताचें नांव. २००४ सालीं त्यांनीं नांव बदललें. नांव बदललें तरी ओढ बदलली नाहीं. पहिल्या ध्वनिमुद्रिकेसाठीं ते कोपनहेगनास फ्लेमिंग रासमुसेन यांच्याकडे गेले. मेटॅलिकाच्या १९८४, १९८६ व १९८८ च्या तीन ध्वनिमुद्रिकांच्या निर्मितींत ज्यांचा हात होता तेच हे गृहस्थ. गुरूची विद्या तर घेतलीच, वर गुरूचा सुतारही बोलावला, असें एखादा खवचट म्हणेल. आम्हीही त्या वेळीं असेंच कांहीं म्हणालों होतों.

परंतु साम्य आहे एवढ्यानें निकाल लागत नाहीं. साम्य कोणत्या जातीचें आहे हें पाहावें लागतें. या गोष्टीचा विचार आपल्याकडे फार पूर्वीं झाला आहे. नवव्या शतकांत काश्मिरांत आनंदवर्धनानें 'ध्वन्यालोका'च्या चौथ्या उद्द्योतांत एका कवीच्या कृतीचें दुसऱ्याच्या कृतीशीं जें साम्य असतें त्याचे तीन प्रकार केले आहेत. पहिलें आरशांतील प्रतिबिंबाचें. त्यास वेगळा जीव नाहीं. दुसरें चित्राचें, तें हुबेहूब असलें तरी त्यांत प्राण नाममात्र. तिसरें एका देहधाऱ्याचें दुसऱ्या देहधाऱ्याशीं असलेलें साम्य. नाकडोळे सारखे, अंगलट सारखी, परंतु श्वास दोघांचे दोन. पहिलीं दोन साम्यें कवीनें टाळावीं, तिसरें टाळण्याचें कारण नाहीं, असा त्याचा अभिप्राय आहे. सुंदर मुख चंद्रासारखें दिसतें म्हणून त्याची शोभा उणी होत नाहीं, हा त्याचा दाखलाही मार्मिक आहे. हा भाग आम्हीं वर्गांत अनेक वेळां शिकविला आहे. शिकवितांना तो आम्हांस समजला होता. वही तपासतांना मात्र आठवला नाहीं.

गाण्याच्या प्रांतांत हा भेद आपणांस सहज पटतो. अब्दुल करीम खां, त्यांचे शिष्य सवाई गंधर्व आणि सवाई गंधर्वांचे शिष्य भीमसेन जोशी, तिघेही किराणा घराण्याचे. स्वर लावण्याची रीत, आलापाची सावकाश बढत, यांतलें नातें उघड आहे. तरी भीमसेनांच्या तानेस खांसाहेबांची नक्कल कोणी म्हटलें नाहीं. उलट, बालगंधर्वांच्या गायकीचा आरसा हातीं घेऊन हिंडणारे गायक महाराष्ट्रांत थोडे झाले नाहींत. त्यांची हरकत नि हरकत तंतोतंत असे, आणि मैफल संपल्यावर आठवण राही ती बालगंधर्वांची.

ईव्हाइलच्या मुलांस घराण्याचा हा लाभ नव्हता हेंही ध्यानांत घेतलें पाहिजे. त्यांस गुरूपुढें बसावयास मिळालें नाहीं. पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूस, दुसऱ्या दशकांत वाजलेली तबकडी पुढें ठेवून, ती थांबवून, मागें फिरवून त्यांनीं हात बसविला. ही एकलव्याची विद्या झाली. मातीच्या मूर्तीपुढें मिळविलेली असली तरी ती विद्या खोटी नसते. अर्जुनास मत्सर वाटावा इतकी ती खरी होती. आणि टीकाकार बहुधा येतो तो द्रोणाचार्यांप्रमाणें अंगठाच मागत येतो.

आतां प्रत्यक्ष ध्वनिमुद्रिकेकडे वळूं. वादनापुरतें बोलावयाचें तर तिसऱ्या प्रकारचें साम्य येथें अनेक ठिकाणीं सिद्ध झालेलें आहे, असें आमचें आतांचें मत आहे. पहिल्याच शीर्षकगीतांत चौघांची जी जूट दिसते ती केवळ पाठांतरानें येत नाहीं. पाठ केलेली गोष्ट म्हणणाऱ्याचें लक्ष पुढच्या शब्दाकडे असतें; या मुलांचें लक्ष एकमेकांकडे आहे. ठोके कोठें दाबावयाचे, कोठें मोकळे सोडावयाचे, रिफ कितव्यांदा आली म्हणजे ऐकणारा कंटाळेल आणि त्याच्या क्षणभर आधीं ती कशी मोडावयाची, याची त्यांची जाण पक्की आहे. ऑल ड्रेकच्या एकल वादनांत वेगाबरोबर सुरेलपणाही आहे. तो जेथें द्रुत जातो तेथेंही वाक्य पूर्ण करून थांबतो. हा गुण त्याच्या वयाच्या वादकांत दुर्मिळ. मॅट ड्रेकचा आवाज मात्र आम्हांस फार वेळ स्लेयरच्या टॉम अरायाची आठवण देत राहिला. गळ्याच्या बाबतींत ही कृति चित्राच्या पायरीवरच उभी आहे.

रचनांत सर्वांत सरस आम्ही 'वुई हू आर अबाउट टु डाय' ही मानतों. रोमन बादशहा क्लॉडियस याच्यापुढें मरणाच्या झुंजीस उतरणाऱ्यांनीं केलेल्या प्रणामावरून हें नांव घेतलें आहे. येथें वेगाचा हव्यास सुटला आहे. रचना पसरते, गति बदलते, आणि ऐकणाऱ्यास भोंवतालची जागा जाणवूं लागते. इतर गीतांत ही मंडळी आपण किती चपळ आहों हें दाखवीत आहे. येथें ती कांहीं तरी बांधीत आहे. याच्या उलट 'थ्रॅशर' हें गीत. या संगीताच्या भक्तांनीं या संगीतावर रचलेलें हें स्तोत्र झपाटेदार आहे, लोकप्रियही झालें; परंतु ज्या कलेचा विषय ती कलाच होऊन बसते तिला बाहेरचा वारा लागत नाहीं.

येथें आम्ही या कृतीच्या खऱ्या उणिवेपाशीं आलों. ती वादनांत नाहीं, शब्दांत आहे. दहा गीतांत मृत्यु पुष्कळ आहे. जळणें, बुडणें, रक्तांत न्हाणें, रणगाड्यांचा हल्ला, सारें आहे. 'किलर फ्रॉम द डीप' या गीतांत समुद्रांतला नरभक्षक मासा आहे. परंतु यांतलें बहुतेक मरण पडद्यावर पाहिलेलें आहे. बोलपटावरून विषय घेणें हा दोष नव्हे. मेटॅलिकाचें 'क्रीपिंग डेथ' हें १९८४ चें गीत 'टेन कमांडमेंट्स' या बोलपटावरूनच सुचलें. फरक असा कीं, त्या पिढीच्या डोक्यावर अणुयुद्धाचें भय खरोखरच लटकत होतें. उसन्या कथेंतही तें भय शिरत असे, आणि त्याच मंडळीचें 'फाइट फायर विथ फायर' सारखें गीत तर त्याच भयावर उभें आहे. गोष्ट परकी असली तरी भीति घरची होती.

हडर्सफील्डच्या मुलांस घरचें कांहीं नव्हतें काय? हें गांव लोंकरीच्या कापडाचें. १८१२ सालीं याच गांवाच्या परिसरांत कापड कातरणाऱ्या कारागिरांनीं रात्रीं टोळ्या करून नवीं यंत्रें हातोड्यांनीं फोडलीं. तेच इतिहासांतील लडाइट. एका गिरणीमालकाचा रस्त्यांत गोळी घालून खून झाला, पुढें यॉर्क येथें फांशी झाल्या. पोटावर पाय आल्यामुळें माणूस यंत्रावर उठला, ही घटना जगाच्या पाठीवर ज्या थोड्या ठिकाणीं अक्षरशः घडली त्यांतलें हें एक. आणि या गांवच्या चार मुलांनीं 'मॅन अगेन्स्ट मशीन', म्हणजे माणूस विरुद्ध यंत्र, या नांवाचें गीत रचलें, त्यांतलें यंत्र मात्र चित्रपटगृहांतलें! त्यांच्या पणज्यांच्या मागांची घरघर, बंद पडलेल्या गिरण्या, हातोडे, यांतलें एक अक्षर त्यांत नाहीं. पायांखालीं खाण असतां यांनीं शेजारच्या दुकानांतून काजळी विकत आणली. १९८३ च्या मेटॅलिकासारखे तुम्ही वाजवितां, ही आमची तक्रार नव्हे. तसें वाजवा, पण हडर्सफील्डांत उभे राहून वाजवा, एवढेंच आमचें म्हणणें आहे. केशवसुतांनीं सुनीत इंग्रजीवरून आणिलें, ओळीही चौदाच ठेविल्या; पण त्यांत बोललें तें त्यांचें स्वतःचें मन.

तथापि ही उणीव दाखवून पुस्तक मिटावें, तर आमची जुनी चूक आम्ही पुन्हां करूं. या मंडळीचा पुढील प्रवास आतां आपल्यापुढें आहे. २००९ च्या 'इन्फेक्टेड नेशन्स' या दुसऱ्या ध्वनिमुद्रिकेंत त्यांनीं गति उतरविली, रचना लांबविल्या, आणि 'वुई हू आर अबाउट टु डाय'मध्यें जें बीज दिसलें होतें तें वाढविलें. ती प्रसिद्ध होऊन थोडेच दिवस झाले होते. ऑक्टोबर २००९ मध्यें स्वीडनांत दौऱ्यावर असतां बेसवादक माइक अलेक्झांडर फुप्फुसांत रक्ताची गुठळी अडकून एकाएकीं मरण पावला. वय अवघें बत्तीस. २०११ च्या 'फाइव्ह सर्पंट्स टीथ' या ध्वनिमुद्रिकेंत त्याच्यासाठीं 'इन मेमोरियम' हें गीत आहे. पहिल्या कृतींत दहा गीतें मृत्यूचीं गाऊन झालेल्या या मुलांच्या दारीं मृत्यु खरोखर आला तो असा. त्या गीतांत नरभक्षक मासे नाहींत, रणगाडे नाहींत. गतीचा डौलही नाहीं. गेलेल्या मित्राविषयीं जें बोलावयाचें असतें तें साधेपणानें बोललें आहे.

दुःखानें कला शिकविली, असा सोपा निष्कर्ष आम्ही यांतून काढीत नाहीं. दुःख सर्वांस होतें, आणि बहुतेकांचा हात तें पेलण्यास तयार नसतो. यांचा हात तयार होता. तो 'मेटल मिलिशिया' या उसन्या नांवाखालीं, परक्याचीं गाणीं हजार वेळां वाजवून, मग कोपनहेगनास जाऊन, चित्रासारखीं कांहीं आणि देहासारखीं कांहीं गीतें करून तयार झाला होता. 'एन्टर द ग्रेव्ह' हें त्या तयारीचें दप्तर आहे. थोर कृति म्हणून तिची गणना आम्ही करणार नाहीं. परंतु नक्कल म्हणून तिची वासलात लावणें हें अज्ञान होय. पहिल्या कृतींत कलावंतास पुष्कळदां देह उसना घ्यावा लागतो. त्या देहांत कोठें तरी श्वास चालूं झाला आहे काय, तेवढें टीकाकारानें कान लावून पाहावें, आणि चालूं असेल तर ती जागा त्यास दाखवून द्यावी. पहिल्या वहींत माणसानें काय करावें, या प्रश्नास आम्ही आज हेंच उत्तर देऊं.

हें उत्तर ज्याला द्यावयाचें तो आतां कोठें असतो हें आम्हांस ठाऊक नाहीं. त्याची वही मात्र आठवते. तिच्यांत एका कवितेंत हळदीच्या पेठेंतून रात्रीं घरीं आलेला बाप होता. पोतीं वाहून त्याच्या पापण्यांवर पिवळा धुरळा बसला होता, आणि तो धुण्यापूर्वींच त्याला झोंप लागली होती. ती ओळ मर्ढेकरांची नव्हती. तांबडी शाई आमच्या हातीं होतीच. तिच्याखालीं एक रेघ मारावयास हवी होती.